शेपटावरचं व्होल्टेज

हिरालाल रामटेके यांच्या घरातला पंखा संध्याकाळी सातनंतर इतका सावकाश फिरायचा की एकदा दीपमालाबाईंना चालू पंख्याच्या पात्यावर कोळी जाळं विणताना दिसला. त्यांनी नवऱ्याला हाक मारली. हिरालालनी चष्मा लावून कोळ्याकडे पाहिलं, भिंतीवरच्या व्होल्टमीटरकडे पाहिलं, आणि वहीत नोंद केली : सायं. ७.२०. दाब १४८. कोळी निवांत.

एकतीस वर्षं त्यांनी हायस्कूलच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून काढली होती. मोजल्याशिवाय कुठल्याही गोष्टीवर विश्वास ठेवायचा नाही ही सवय शाळेनं लावली आणि निवृत्तीनंतरही ती सुटली नाही. निवृत्त झाल्यावर लोक सोफासेट घेतात, यात्रेला जातात. हिरालालनी व्होल्टमीटर घेतला आणि बैठकीत कॅलेंडरशेजारी टांगला. पाहुणे त्याला घड्याळ समजत, वेळ चुकली म्हणून सांगत, आणि मग त्यांना अर्धा तास विद्युतदाब या विषयावर ऐकून घ्यावं लागे.

बोरटोली हे गाव करडीच्या पुढे सहा किलोमीटरवर. विजेची लाइन उपकेंद्रातून निघते, वाटेतल्या अकरा गावांना भेटी देते आणि बोरटोलीला येऊन संपते. उन्हाळी धानाचे दिवस आले की अकरा गावांचे पंप, कुलर आणि गिरण्या पोटभर वीज पीत आणि ताटात उरलेली तेवढी बोरटोलीला मिळे. इंजिनियर लोक अशा जागेला 'टेल एंड' म्हणतात. हिरालालनी ग्रामसभेत त्याचं सरळ मराठी केलं.

"मंडळी, आपण शेपटावर आहोत," ते म्हणाले.

"आमी काहून शेपटावर?" त्यांचे शेजारी टिकाराम तितिरमारे ताडकन उठले. टिकारामकडे सात एकर धान, एक ट्रॅक्टर, एक म्हैस आणि प्रत्येक विषयावर एक मत होतं. "रस्ता बोरटोलीपासून सुरू होते. आमी तोंडावर हाओ!"

शेपूट की तोंड यावर अर्धा तास गेला. मग ज्या पत्रासाठी सभा भरली होती ते ग्रामसेवकांनी वाचलं. एक संस्था या लाइनवरच्या एका गावात मोठी बॅटरी बसवणार होती. दुपारी सूर्यावरची वीज जास्तीची असते तेव्हा ती भरून घ्यायची आणि संध्याकाळी गावाला परत द्यायची, म्हणजे लाइनवरचा ताण कमी होतो आणि दिवे नीट जळतात. एकच अट होती. ज्या गावाचा दाब सगळ्यांत कमी, बॅटरी त्या गावाला.

"शेपूट आमचंच हाये!" टिकाराम पुन्हा उठले. "शेवटचा खांब माह्या कोठ्याजवळ हाये. कोनीबी या अन पाहा!"

अर्ज कोणी लिहायचा असा प्रश्न आला तेव्हा सगळ्या माना हिरालालकडे वळल्या. ते एकदा नाही म्हणाले. प्रतिष्ठेच्या माणसानं निदान दोनदा नाही म्हणावं असा रिवाज असल्यामुळे दुसऱ्यांदाही म्हणाले. पण दुसऱ्या नकारानंतर लोक ग्रामसेवकाकडे पाहायला लागले, तेव्हा त्यांनी घाईघाईनं हो म्हणून टाकलं.

अर्ज त्यांनी प्रयोगाच्या जर्नलसारखा लिहिला. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष. सोबत आकृती काढली, तिला पेन्सिलीनं नावं दिली. संस्थेचं उत्तर आलं : "आपला अर्ज वाचनीय आहे. परंतु तो विहित नमुन्यात नाही." विहित नमुना सात पानांचा होता आणि त्यात चौदाव्या कलमात, गावात सध्या असलेल्या बॅटरीचा अनुक्रमांक विचारला होता. हिरालालनी तिथे "बॅटरी नाही, म्हणूनच अर्ज" असं लिहिलं. तो अर्ज अपूर्ण म्हणून परत आला. मग त्यांनी घरातल्या टॉर्चमधल्या सेलवरचा नंबर टाकला. तो दाखल करून घेतला गेला.

पाहणीचा दिवस ठरला, गुरुवार, संध्याकाळी सात. संस्थेकडून साकोलीकडची रीना कापगते नावाची तरुण इंजिनियर आली. डोक्यावर पिवळं हेल्मेट, खांद्याला यंत्राची पिशवी. सगळं गाव तिच्यामागे टिकारामच्या कोठ्यात, म्हणजे गोठ्यात, शिरलं. तिनं शेवटच्या खांबावरून आलेल्या तारेला चिमटे लावले.

"काका, दोनशे बत्तीस," ती म्हणाली.

"शक्य नाही," हिरालाल म्हणाले.

त्यांनी आपला व्होल्टमीटर घरून उतरवून आणला. त्यावरही दोनशे बत्तीस. त्यांनी काचेवर टिचकी मारली. दोनशे तेहतीस झाले. कोठ्यातला दिवा असा लखलखत होता की टिकारामची म्हैस उठून उभी राहिली. आपलं घर तिनं इतकं स्पष्ट पहिल्यांदाच पाहिलं असावं.

रीनानं हिरालालची वही चाळली. चौदा महिने, रोज संध्याकाळी, एकशे पंचेचाळीस, एकशे पन्नास, एकशे बावन्न. तिनं वही अगदी नम्रपणे मिटली. "काका, तुमचं मीटर कधी कधी अडकत असेल, एकदा तपासून घ्या ना."

एकतीस वर्षांत हिरालालच्या यंत्रावर कोणी संशय घेतला नव्हता. एकदा एक शिक्षणाधिकारी त्यांच्या तराजूवर बोलले होते, पण तो दोष शेवटी शिक्षणाधिकाऱ्यांच्या चष्म्याचा निघाला. व्होल्टमीटर छातीशी धरून हिरालाल उभे राहिले, आणि रीनाची गाडी गेली तरी तसेच उभे होते.

तेवढ्यात लाइनमन प्रविण मोटारसायकलवरून आला. चेहरा आनंदानं फुललेला.

"पाह्यलं का सर? एक नंबर करून ठेवलं! सकाळपासून खांबावर चढून चढून सारे जंपर टाइट केले. डीपीच्या ट्रान्सफॉर्मरचा टॅप चढवला. मांगच्या दोन गावच्या लोकायले हात जोडून पंप बंद करवले. म्हनलं बाहेरचे इंजिनियर येऊन राहिले, आपली इज्जत गेली नाही पाह्यजे!"

"मी बी गिरनी बंद ठेवली," मंदाबाई म्हणाल्या. गावातली एकमेव पिठाची गिरणी मंदाबाई बुधे एकट्या चालवत. कमी दाबानं त्यांची मोटार दोनदा जळली होती, आणि प्रत्येक वेळी दोन आठवडे गावानं दळण डोक्यावर घेऊन करडी गाठली होती. "पाहुन्यायसमोर घर्रघर्र बरं नाही दिसत."

हळूहळू उलगडत गेलं. पाहुणे येणार म्हणून कोणी कुलर बंद ठेवला होता, कोणी टीव्ही. दीपमालाबाईंनी स्वतः फ्रिज बंद केला होता.

"तू पण?" हिरालाल म्हणाले.

"तुमीच म्हनलं ना, लोकांसमोर नीट राहा म्हनून," दीपमालाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिरालालनी रीनाला फोन केला आणि गावानं सभ्यतेपायी काय करून ठेवलं ते सांगितलं. ती इतका वेळ हसली की त्यांना फोन कानापासून दूर धरावा लागला. दोन दिवसांनी ती परत आली, जेवणाच्या डब्याएवढं नारिंगी यंत्र घेऊन. ते तिनं कोठ्यात, शेवटच्या तारेला लावून सील केलं.

"हे सात दिवस दर मिनिटाचा दाब आपोआप लिहून घेईल. याला कोणी हात लावायचा नाही. आणि काका, कोणी मुद्दाम काही करायचं नाही. रोजच्यासारखं राहा."

फोटो काढणाऱ्यानं सहज उभं राहा म्हटलं की माणूस जसा लाकडासारखा होतो, तसं गावाचं झालं. रोजच्यासारखं म्हणजे कसं, हे कुणाला आठवेना. मागच्या गावांचे पंप पुन्हा सुरू झाले आणि पहिल्या दोन संध्याकाळी दाब एकशे अठ्ठावन्नावर राहिला. खरं तर हे पुरेसं वाईट होतं. पण तिसऱ्या दिवशी सकाळी बातमी आली, वरच्या अंगाच्या कोण्या गावात एकशे चाळीस लागलं म्हणे. कोणी आणली, कुठून आणली, पत्ता नाही. दुपारपर्यंत सगळी बोरटोली हिरालालच्या अंगणात बसली होती.

"सर, आपून पाडू ना खाली," टिकाराम म्हणाले. "सात वाजता साऱ्यायनं सारं चालू करायचं. बसते मंग व्होल्टेज मट्टकन."

"म्हणजे खोटं रीडिंग?" हिरालाल उठून उभे राहिले. "माझ्या प्रयोगशाळेत खोटं रीडिंग लिहिणाऱ्या पोरांना मी बाहेर उभं करायचो."

"लिहून कोन राहिलं जी? डबा आपल्या मनानं लिहून राहिला. आपून फक्त बटन दाबून राहिलो. आपलं बटन, आपली मशीन."

"मॅडम म्हणाल्या, रोजच्यासारखं राहा."

यावर ओट्यावर भाजी निवडत बसलेल्या दीपमालाबाईंनी मान वर केली. "मंग रोज करा. रोज केलं का रोजच्यासारखंच होईन."

या युक्तिवादात चूक आहे हे हिरालालना स्पष्ट दिसत होतं. पण नेमकी कुठे आहे ते सापडेपर्यंत सात वाजले.

टिकारामनी पंप चालू केला. मंदाबाईंनी गिरणी चालू केलीच, शिवाय कोपऱ्यात पडलेलं धान कांडायचं जुनं मशीनही पुसून लावलं. घराघरांतून कुलर, इस्त्री, पाणी तापवायचे रॉड, रिकामे फिरणारे मिक्सर यांचा एकच कल्लोळ उठला. कुणाच्या तरी भाच्याकडे शहापूरच्या लग्नातून परतलेला डीजे मुक्कामाला होता, तोही जोडला गेला. हिरालाल कोठ्यात व्होल्टमीटरसमोर उभे राहून आकडा सांगत आणि तो गल्लीगल्लीतून पुढे जाई.

"एकशे एकतीस!"

"एकशे एकतीस!" बोडीच्या पाळीवरून, म्हणजे गावतळ्याच्या बांधावरून, उत्तर येई आणि टाळ्या पडत.

पाप असं गोड असतं हे हिरालालना एकसष्टाव्या वर्षी कळलं. चौथ्या दिवशी एकशे अठरा झालं. सोयऱ्याधायऱ्यांना पाहायला बोलावलं गेलं. मंदाबाईंकडचे गहू संपले, ज्वारी संपली, मग त्यांनी दळलेलंच पीठ पुन्हा दळायला घेतलं. त्या आठवड्यात बोरटोलीत झाल्या तशा मऊ पोळ्या पुन्हा झाल्या नाहीत. टिकारामच्या पंपाचं पाणी त्यांच्या बांधीतून, म्हणजे धानाच्या खाचरातून, निघून शेजारच्या बांधीत, तिथून रस्त्यावर आलं. हिरालाल मात्र सवयीप्रमाणे कुठल्या घरात काय काय चालू आहे याची यादी करत होते. गुन्हा करायचा तर त्याचीही नोंद नीट हवी, असं त्यांना वाटत होतं.

पाचव्या दिवशी दाब एकशे नऊवर आला, आणि गावाबाहेरच्या डीपीतून असा आवाज झाला की बोडीवरचे बगळे उडाले. कागदोपत्री ज्याला रोहित्र म्हणतात, त्या डीपीच्या तोंडातून पांढरा धूर निघाला. डीजे मध्येच गप्प झाला. गाव अंधारात आणि एकदम शांत.

"किती झालं सर?" पाळीवरून आवाज आला.

"शून्य," हिरालाल म्हणाले.

"शून्य!" गल्लीगल्लीतून गर्जना उठली. आपण जिंकलो अशा समजुतीनं लोकांनी पाच मिनिटं टाळ्या वाजवल्या.

हिरालालनी रीनाला फोन लावला आणि घसा साफ करून, आपण केवळ माहितीसाठी विचारतो आहोत अशा आवाजात विचारलं, "मॅडम, शून्य चालेल का?"

"काका, शून्य म्हणजे कमी दाब नाही. शून्य म्हणजे खंडित पुरवठा. त्याची योजना वेगळी आहे." मग तिला शंका आली. "शून्य कसं काय झालं?"

फोन कापला गेला. निदान हिरालालनी तरी दीपमालाबाईंना तसं सांगितलं.

सकाळी उठून त्यांनी वीज कंपनीचं कार्यालय गाठलं. तिथल्या कारकुनानं 'रोहित्र नादुरुस्तीचा अहवाल' पुढे सरकवला. त्यात बिघाडाचं कारण असा रकाना होता. हिरालालनी सुवाच्य अक्षरात लिहिलं : "गावातील सर्व उपकरणे एकाच वेळी हेतुपुरस्सर सुरू केल्यामुळे."

कारकुनानं ते वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "सर, वय किती तुमचं?"

"एकसष्ट."

"असं लिहाल तर डीपी तुमच्या पंच्याहत्तरीले भेटन. 'अतिभार' लिहा. एकच शब्द. खरा बी हाये."

हिरालालनी बराच विचार केला आणि 'अतिभार' लिहिलं. शब्द खरा होता, पण परतीच्या वाटेवर तो त्यांना खिशातल्या खड्यासारखा टोचत राहिला.

डीपी यायला चार दिवस लागले, तीही टिकारामच्या ट्रॅक्टरवरून. एप्रिल महिना. माणसं अंगणात खाटा टाकून वर्तमानपत्रांनी वारा घेत होती, आणि बोलायला दुसरा विषय नव्हता. कल्पना टिकारामची होती हे एव्हाना सगळे विसरले होते, टिकारामसुद्धा. "सरायनं डीपी उडवली" हे वाक्य पार नागपूरपर्यंत गेलं. तिकडून हिरालालच्या साळ्याचा फोन आला. "काय जी भाटवे, डीपी उडवली म्हणे? तब्येत बरी हाये ना?"

पण खरं जे लागलं ते वेगळंच होतं. त्या दणक्यात मंदाबाईंची मोटार जळली होती. तिसऱ्यांदा. हिरालाल गिरणीवर गेले तेव्हा मंदाबाई मोटारीचं झाकण उघडून बसल्या होत्या आणि आतून जळक्या वार्निशाचा वास येत होता.

"तुमी थोडी बटन दाबलं, जी," मंदाबाईच म्हणाल्या. "मीच दाबलं. मले वाटलं, बॅटरी आली का ही कटकट जाईन." मग त्या हसल्या. "गेली ना कटकट. मोटारच गेली."

हिरालालनी मोटार उचलली. म्हणजे एक बाजू त्यांनी उचलली आणि दुसरी प्रविणनं. त्यांच्या ओसरीवर ती तीन दिवस उघडी पडली होती. प्रविणला गुंडाळी कशी घालायची ते ठाऊक होतं, पण तारेचे वेढे मोजायचा त्याला कंटाळा. हिरालालना एवढंच येत होतं. एक, दोन, तीन करत ते मोजत. मध्ये टिकाराम येऊन "झालं का सर?" असं विचारत आणि आकडा चुके. मग पुन्हा एकपासून. तिसऱ्या वेळी दीपमालाबाईंनी टिकारामना हाताला धरून फाटकाबाहेर नेलं आणि फाटक लावून घेतलं. नवी डीपी आली त्या संध्याकाळी मोटार फिरली. मंदाबाईंनी पहिलं दळण हिरालालचं घेतलं.

रीना आली ती डबा काढायलाच. शाळेच्या व्हरांड्यात तिनं लॅपटॉप उघडला. पडद्यावर निळी रेघ उमटली आणि अख्खं गाव तिच्या खांद्यावरून वाकलं.

"पहिले दोन दिवस ठीक," ती म्हणाली. "पण इथे बघा. तिसऱ्या दिवशी बरोबर सात वाजता रेघ दरीत पडते. चौथ्या दिवशी सात वाजता. पाचव्या दिवशी सात वाजता. हे काय होतं?"

मग टिकाराम म्हणाले, "लगन होतं."

"तीन दिवस?"

"मोठं होतं."

"आणि शेवटी रेघ अशी गुपचूप शून्यावर?"

"आवाज झाला ना," मागून कोणीतरी प्रामाणिकपणे सांगितलं.

हिरालाल उठले. त्यांनी शर्टाची वरची गुंडी लावली. एका क्षणात त्यांच्या डोळ्यांसमोरून मंदाबाईंची मोटार, अहवालातला तो 'अतिभार' आणि बाहेर उभी केलेली पोरं अशी सगळी रांग गेली.

"मॅडम, तिसऱ्या दिवसापासूनची निरीक्षणं रद्द समजावीत. ती घडलेली नाहीत, घडवलेली आहेत. सगळ्या गावानं एकाच वेळी सगळं चालू केलं. मी तिथे उभा राहून आकडे ओरडत होतो. गावाला बॅटरी नाही मिळाली तरी चालेल, पण ही तीन दिवसांची रेघ खरी म्हणून जाऊ नये."

"चालन कसं, सर?" टिकाराम हळूच म्हणाले. "आमाले नाही चालत."

गावाच्या नजरा हिरालालच्या पाठीत रुतल्या. रीना लॅपटॉपकडे बघत राहिली. चेहऱ्यावरून राग की हसू, काही कळेना.

"सगळं एकाच वेळी?" तिनं शेवटी विचारलं. "काय काय चालू होतं?"

हिरालालनी खिशातून घडी केलेले कागद काढले. घर क्रमांक, उपकरण, किती वॅटचं, किती वाजता चालू, किती वाजता बंद. एकशे सतरा घरं. डीजेचे चारही खोके वेगवेगळे लिहिलेले.

रीना कागद वाचत गेली आणि वाचता वाचता खुर्चीत सरळ झाली. "काका, गाव एका वेळी जास्तीत जास्त किती वीज ओढू शकतं, हे आम्हाला प्रत्येक गावात हवं असतं. कोणी सांगत नाही. घरोघर फिरलं तर लोक कुलर लपवतात. बॅटरी केवढी बसवायची ते आम्ही अंदाजानंच ठरवतो." तिनं कागद पिशवीत ठेवले. "ते तीन दिवस मी खोडते. डबा आणखी सात दिवस ठेवते. आणि या वेळी कृपा करून काही करू नका. चांगलंही नाही अन वाईटही नाही."

ते सात दिवस बोरटोलीच्या इतिहासातले सर्वांत कंटाळवाणे ठरले. सात वाजले की माणसं दारात येऊन एकमेकांकडे बघत आणि काही न करता घरात जात. दाब एकशे चोपन्न राहिला. पावसाळ्यात मंजुरीचं पत्र आलं. एकशे चाळीसवालं ते गाव कोणतं, हे मात्र शेवटपर्यंत कुणाला सापडलं नाही.

दिवाळीच्या आधी बॅटरी आली. दोन बैलगाड्या एकावर एक ठेवाव्यात एवढी पांढरी पेटी, लांबलचक ट्रेलरवर. ट्रेलर हिरालालच्या घराच्या कोपऱ्यावर वळेना. पुढे गेला, मागे आला, पुन्हा पुढे गेला. शेवटी सगळ्यांनी हिरालालच्या फाटकाच्या खांबाकडे पाहिलं. खांब नवा होता, त्यावर त्यांचं नाव आणि हुद्दा कोरलेला होता. टिकारामनी तो ट्रॅक्टरनं इतक्या तत्परतेनं पाडला की ते बरेच दिवस संधीची वाट पाहत असावेत अशी शंका यावी.

पेटी बोडीच्या काठावर बसली. आतून गार वाऱ्याचा आवाज येई. बॅटरीला गरमी सोसत नाही, म्हणून आत एसी असतो, असं रीनानं समजावलं.

"त्याले गरमी लागते काय वो?" दीपमालाबाई म्हणाल्या. "आमाले इतके वर्सं लागून राहिली, तवा कोनी एसी नाही धाडला."

पण त्या संध्याकाळी सात वाजता पंखा असा गरगरला की कॅलेंडरची पानं उडाली, आणि दीपमालाबाईंनी पहिल्यांदाच त्याला 'हळू फिर' म्हटलं. मंदाबाईंची गिरणी एका सुरात चालू लागली. दोनशे अठ्ठावीस, दोनशे तीस, दोनशे एकोणतीस. हिरालाल रोज लिहीत आणि रोज थोडे कंटाळत.

मग धानकापणीच्या दिवसांत, एका संध्याकाळी साडेसहाला, करडीच्या अलीकडे धानानं भरलेली ट्रॉली खांबाला धडकली. माणसाला इजा नाही, पण लाइन गेली. अकरा गावं अंधारात बुडाली. बोरटोलीचे दिवे एकदा मिचकले आणि पुन्हा लागले. बॅटरीनं गाव आपल्या अंगावर घेतलं होतं. हिरालाल अंगणात उभे राहून चारी दिशांचा काळोख पाहत होते आणि मध्ये आपलं लखलखतं गाव. ऊर भरून आला. रीनाला सांगावं असं वाटलं.

एवढ्यात रस्त्यावर मोटारसायकलींचे दिवे दिसायला लागले.

पहिला आला हिरालालचा दुसरा साळा, करडीचा, बायको, दोन मुलं आणि सासूसह. "सहज आलो जी," तो म्हणाला आणि त्यानं खिशातून पाच मोबाइल काढले. त्यामागे दीपमालाबाईंची मावसबहीण भिजवलेल्या डाळीचं पातेलं आणि मिक्सर घेऊन आली. गिरणीवर तीन गावांची रांग लागली. टिकारामकडे लेकीच्या सासरची अकरा माणसं एका गाडीतून उतरली. अर्ध्या तासात हिरालालच्या बैठकीत बसायला जागा नव्हती, भिंतीतल्या प्रत्येक सॉकेटला तीन तीन वायरी लोंबत होत्या, आणि साळ्याच्या सासूबाई व्होल्टमीटरकडे बघून, घड्याळ बंद पडलंय, असं सांगत होत्या.

स्वयंपाकघरातून दीपमालाबाईंनी नवऱ्याला खुणेनं बोलावलं. तिसऱ्यांदा चहा चढला होता. "त्या पोरीले विचारा, बॅटरी कवापर्यंत चालन," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या.

हिरालालनी फोन लावला. रीनाच्या आवाजात अभिमान ओसंडत होता. "काळजीच करू नका काका! तुमच्या यादीवरून मोठी बसवली ना आम्ही. सहज अकरा वाजेपर्यंत चालेल!"

ते बैठकीत परतले. सगळ्यांचे डोळे त्यांच्यावर. "काय म्हंते?" साळ्यानं विचारलं.

अर्धा तास, असं एक वाक्य हिरालालच्या जिभेच्या टोकापर्यंत आलं. छोटं, सोयीचं वाक्य. त्यांनी ते गिळलं.

"अकरा वाजेपर्यंत," ते म्हणाले.

बैठकीत आनंदाची लाट उसळली. साळ्यानं पाय लांब केले आणि टीव्ही लावायला सांगितलं. मावसबहिणीनं आता इथेच वडे तळू असं जाहीर केलं. स्वयंपाकघरातून दीपमालाबाईंनी एक रिकामं पातेलं नवऱ्याच्या हातात दिलं. दूध संपलं होतं.

हिरालाल टिकारामकडे निघाले. म्हशीवाल्या घरी दूध असणारच. गल्लीत चार पावलं गेले असतील नसतील, तोच समोरून टिकाराम येताना दिसले. त्यांच्याही हातात पातेलं होतं आणि तेही तितकंच रिकामं. दोघं दिव्याच्या खांबाखाली समोरासमोर थांबले. दोघांनीही हात पाठीमागे नेले. पण दिवा दोनशे तीस व्होल्टवर जळत होता, आणि गल्लीत लपण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.